घरी स्मरणसभा ठेवायची आहे? जोडीदार गमावलेल्यांसाठी, एकेक पायरी

ह्यांना जाऊन तीन आठवडे झाले तेव्हा आमच्या घरी स्मरणसभा झाली. साठ-सत्तर माणसं आली. त्या दिवसाचं मला काय आठवतं, तर स्वयंपाकघरातला ओटा आणि त्यावर मांडलेले कप. कप पुरतील का, पाणी भरलंय का, दाराशी कोण ताटकळलंय, ह्यातच माझे अडीच तास गेले. बाहेर लोक बोलत होते, मध्येच हसत होते, कोणाला तरी हुंदका आला. त्यातलं एक वाक्यही माझ्या कानावर पडलं नाही. काही महिन्यांनी धाकटी नणंद बोलता बोलता म्हणाली, "वहिनी, ते दादाच्या ऑफिसातले गृहस्थ बोलले ना, ते मी जन्मात विसरणार नाही." ते काय बोलले, हे मला तिलाच विचारावं लागलं.

वर्षाने मी पुन्हा सभा ठेवली. छोटी, बावीस माणसांची. त्या दिवशी मी नुसती बसून राहिले आणि ऐकलं.

ह्या दोन दिवसांतून जे कळलं ते इथे लिहिते आहे. धार्मिक विधींबद्दल ह्यात काही नाही, ते ज्याच्या त्याच्या घरचे असतात. चार माणसांनी घरात बसून आपल्या माणसाबद्दल बोलायचं, तेवढ्यापुरतंच हे आहे. तुम्ही नुकतेच ह्यातून जात असाल तर सगळं एका दमात वाचू नका. दुसरी पायरी तेवढी वाचा आणि बाकीचं जो मदतीला येईल त्याच्या हातात द्या.

१. आत्ता की नंतर, हे आधी ठरवा

स्मरणसभेला मुदत नसते. "एकदाचं उरकून घे, म्हणजे मोकळी होशील," असं मला तीन-चार जणांनी सांगितलं. सांगणाऱ्यांच्या मनात माझ्याबद्दल काळजीच होती. पण सभा उरकली म्हणून मोकळं होता येत नाही.

पहिल्या महिन्याभरात सभा ठेवली तर माणसं जवळ असतात, लांबून आलेले नातेवाईक अजून परतलेले नसतात. पण तुम्ही स्वतः बधिर असता. कोण आलं, कोण काय म्हणालं, काही डोक्यात शिरत नाही. दोन-तीन महिन्यांनी ठेवली तर गर्दी कमी होते, पण येतात ते बोलायला येतात, आणि तुम्हालाही ऐकू येऊ लागलेलं असतं. एकच सभा ठेवणं जमणार असेल तर मी दुसरा पर्याय सुचवेन. सुरुवातीच्या दिवसांत लोक भेटायला येतातच, त्याला वेगळ्या कार्यक्रमाची गरज नसते.

वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस किंवा वर्षाचा दिवस निवडत असाल तर नेमक्या तारखेला सभा ठेवू नका. तिच्या आसपासचा सुट्टीचा दिवस घ्या. ती तारीख कशी जाईल ह्याचा अंदाज येत नाही, आणि त्या दिवशी घरात पंचवीस माणसं आहेत म्हणून सावरून बसावं लागणं फार जड जातं.

वेळ दुपारनंतरची, दोन तासांची ठेवा. संपण्याची वेळसुद्धा निरोपात लिहा. संध्याकाळी उशिरा ठेवली तर माणसं पांगतात तोवर अंधार पडलेला असतो, आणि भरलेलं घर एकदम रिकामं होतं. पहिल्या सभेच्या रात्री मी दिवाणखान्यातला दिवा सकाळपर्यंत मालवला नव्हता.

२. सगळी सूत्रं दुसऱ्याच्या हाती द्या

हे एवढं केलंत आणि बाकी सगळं चुकलं, तरी चालेल.

थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे ह्या दोन अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ मध्ये आयुष्यातल्या ४३ घटनांची एक मोजपट्टी तयार केली. माणसाला कोणत्या घटनेशी जुळवून घेताना किती ताण पडतो, ह्याचे त्यात गुण होते. सर्वांत वर, पूर्ण १०० गुणांवर, जोडीदाराचा मृत्यू. त्याखालचा घटस्फोट ७३ वर. हे आकडे मी नंतर वाचले. ते आधी माहीत असते तर त्या दिवशी कप मोजायला उभी राहिले नसते, असं वाटून गेलं.

घर तुमचं असलं तरी त्या दिवशी यजमानपण तुमच्याकडे नको. एक माणूस मुख्य नेमा. तो जवळचा हवा, पण फार जवळचा नको. तुमची मुलं नकोत. पहिल्या वेळी मी सगळं मुलावर सोपवलं, कारण तो हुशार आहे, त्याला सांगावं लागत नाही. गाड्या कुठे लावायच्या, माईक चालतोय का, हे बघत तो धावत होता. त्याचे वडील गेलेत, हे त्या दिवशी आम्ही दोघंही बाजूला ठेवलं होतं. दुसऱ्या वेळी माझ्या मैत्रिणीच्या नवऱ्याने सगळं हातात घेतलं आणि मुलगा माझ्या शेजारी बसला.

मुख्य माणसाने कामं अशी वाटावीत:

- दाराशी एक जण: येणाऱ्यांना आत आणणं, पिशव्या ठेवून घेणं, उशिरा आलेल्यांना आवाज न करता बसवणं.
- खाण्यापिण्याकडे दोघं: त्यांना घरातल्या वस्तू कुठे आहेत हे आदल्या दिवशीच दाखवा. नाहीतर दर पाच मिनिटांनी तुमच्याकडे कोणीतरी चमचे विचारायला येईल.
- बोलणाऱ्यांना बोलावणारा एक जण.
- फोन, व्हिडिओ, आवाज बघणारा एक जण.
- तुमच्या शेजारी बसणारं एक माणूस. ह्याला दुसरं कुठलंही काम देऊ नका. तुम्ही उठलात तर त्याने उठायचं, पाणी द्यायचं, आणि कोणी तुम्हाला फार वेळ धरून ठेवलं तर अलगद सोडवायचं.

ही नावं कागदावर लिहून फ्रीजवर लावा. तुमचा फोनही सकाळीच मुख्य माणसाकडे द्या. पत्ता विचारणारे पंधरा फोन त्याने घ्यायचे, तुम्ही नाही.

३. घर मोजा, मग माणसं ठरवा

एका खुर्चीला साधारण अर्धा मीटर रुंदी लागते आणि पाय ठेवायला धरून ९० सेंटीमीटर खोली. त्यात जायला-यायला वाट धरली की माणशी जवळपास एक चौरस मीटर होतो. म्हणजे १२ चौरस मीटरच्या, साधारण १३० चौरस फुटांच्या खोलीत बारा-चौदा माणसं नीट बसतात. त्यापेक्षा जास्त माणसं बोलवायचीच असतील तर दोन वेळा द्या: घरचे आणि जुने मित्र एका वेळी, ऑफिस आणि शेजार दुसऱ्या वेळी. आमच्याकडे साठ माणसं आली तेव्हा निम्मी जिन्यात उभी होती. त्यांनी आपसांत गप्पा मारल्या आणि ती निघून गेली. त्यांचा दोष नव्हता, आतलं त्यांना काही ऐकूच येत नव्हतं.

वयस्कर माणसांसाठी हात असलेल्या खुर्च्या ठेवा, न्हाणीघराला जवळच्या बाजूला. जमिनीवरून गेलेल्या वायरी चिकटपट्टीने दाबून टाका. दिवे किंवा मेणबत्त्या लावणार असाल तर पडद्यापासून आणि मुलांच्या हातापासून लांब ठेवा, आणि त्यांच्यावर नजर ठेवायला माणूस नेमा. शेजाऱ्यांना दोन दिवस आधी सांगा. घरात कुत्रा-मांजर असेल तर त्याची सोय आधी बघा. घरातलं माणूस गेल्यापासून तेही बिथरलेलं असतं.

४. निरोप पाठवा

निरोप थोडक्यात आणि स्पष्ट लिहा. दुसऱ्या वेळी आम्ही पाठवला तो असा होता, हवा तर जसाच्या तसा वापरा:

"अमुक तारखेला, दुपारी चार ते सहा, आमच्या घरी ह्यांच्या आठवणींसाठी जमतो आहोत. येताना फुलं, भेटवस्तू काही आणू नका. एक आठवण आणा. ह्यांचा एखादा जुना फोटो किंवा पत्र असेल तर तेही आणा, त्याची प्रत काढून परत देऊ. बोलायलाच हवं असं नाही. यायला जमणार असेल तर बुधवारपर्यंत ह्या नंबरवर कळवा." खाली नंबर मुख्य माणसाचा.

"एक आठवण आणा" हे वाक्य गाळू नका. त्यामुळे लोक विचार करून येतात. नाहीतर "फार चांगला माणूस होता" ह्यापलीकडे बोलणं सरकत नाही.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली, घरचा पूर्ण पत्ता आणि वेळ सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी टाकणं. अशा बातम्या वाचून घरात एकटं माणूस आहे हे हेरणारे, मदतीच्या नावाखाली पैसे उकळणारे लोक असतात. उघड पोस्टमध्ये फक्त तारीख लिहा, पत्ता ज्याला त्याला वेगळा पाठवा.

दुसरी चूक आमच्या हातून झाली. ह्यांच्या मित्रांचे नंबर ह्यांच्याच फोनमध्ये होते, म्हणून घाईत निरोपही त्याच फोनवरून गेला. पलीकडे स्क्रीनवर ह्यांचं नाव उमटलं, ह्यांच्या हसऱ्या फोटोसकट. त्यांचा एक बालमित्र प्रवासात होता. त्याने मला नंतर सांगितलं की क्षणभर त्याला सगळी बातमीच खोटी वाटली होती. नंबर वहीत उतरवून घ्या आणि निरोप दुसऱ्या फोनवरून पाठवा.

५. फोटो: ह्याला दोन आठवडे द्या

फोटो शोधायला बसलं की तासन् तास जातात, आणि ते जाऊ द्यावेत. पण मोठा करून लावायचा फोटो मात्र लवकर निवडा, कारण त्यात अडचणी निघतात.

ए-४ आकाराचा फोटो स्वच्छ छापून यायला तो ३०० डीपीआयला (म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके) साधारण २४८० बाय ३५०८ पिक्सेलचा लागतो. व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो दाबून लहान झालेला असतो, छापला की चेहरा विरघळल्यासारखा दिसतो. ज्याने काढला असेल त्याच्याकडून मूळ फाइल मागा आणि ती डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. जुना कागदी फोटो असेल तर त्याचा मोबाइलने फोटो काढू नका. ६०० डीपीआयवर स्कॅन करून घ्या, काच आणि फोटो आधी मऊ कपड्याने पुसून.

ग्रुप फोटोतून चेहरा कापून काढण्यापेक्षा त्यांचा एकट्याचा, थोडा साधा असला तरी, सहज काढलेला फोटो घ्या. आणि छापायला देताना स्पष्ट सांगा: "चेहऱ्यावर काही काम करू नका." मी सांगितलं नव्हतं. फोटो घरी आला, मी कागद सोडला आणि बघतच राहिले. ह्यांच्या डाव्या गालावर, नाकाशेजारी, एक तीळ होता. दुकानातल्या माणसाने डाग समजून तो पुसून टाकला होता. कातडी गुळगुळीत, डोळ्यांखालच्या सुरकुत्या गायब. कोणीतरी परकाच माणूस माझ्याकडे बघत होता. सभेला दोन दिवस होते म्हणून दुसरा करून घेता आला. तेवढे दिवस हाताशी राहतील असं बघा.

पडद्यावर किंवा टीव्हीवर फोटो दाखवणार असाल तर चाळीस पुरेत. प्रत्येकी सहा सेकंद धरले तर चार मिनिटं होतात. त्याहून लांबलं की लोक फोटोकडे बघायचे थांबतात. आजारपणातले फोटो त्यात घालू नका. तुम्हाला ते महत्त्वाचे वाटतील, कारण शेवटचे महिने तुम्ही त्यातच काढलेत. ते तुमच्याजवळ राहू द्या.

६. आवाज हरवू देऊ नका

हे सभेसाठी आहेच, पण सभा ठेवणार नसाल तरी ही पायरी करा.

ह्यांचे व्हॉइस मेसेज, लग्नकार्यातले व्हिडिओ, कोणाला वाढदिवसाला म्हणून रेकॉर्ड करून पाठवलेलं काहीतरी, हे सगळं आधी दोन ठिकाणी साठवा. वापरात नसलेलं व्हॉट्सॲप खातं साधारण १२० दिवसांनी काढून टाकलं जातं. गूगल खातं दोन वर्षं उघडलं नाही तर त्यातल्या फोटोंसकट जाऊ शकतं. फोनचं कनेक्शन घाईने बंद करू नका. नंबर गेला की त्यावर येणारे सांकेतिक आकडेही (ओटीपी) बंद होतात आणि पुढे कुठलंच खातं उघडत नाही. शिवाय बंद पडलेला नंबर कंपन्या काही काळाने दुसऱ्याला देतात.

फेसबुक खातं स्मृतिखातं करून घेता येतं. त्यासाठी मृत्यूचा दाखला किंवा छापून आलेली बातमी द्यावी लागते. मग दरवर्षी लोकांना वाढदिवसाची आठवण जात नाही. पण एकदा ते झालं की त्या खात्यात कोणालाच शिरता येत नाही. म्हणून आधी फोटो उतरवून घ्या, मग अर्ज करा.

सभेत आवाज ऐकवायचा की नाही, ह्याचा निर्णय तुमचा. ऐकवणार असाल तर आदल्या दिवशी एकट्याने ऐकून बघा. आम्ही बारा सेकंदांचा एक निरोप निवडला होता: "मी निघालोय, दार उघडं ठेव, किल्ली विसरलो." मी तो आधी सहा वेळा ऐकला होता म्हणून सर्वांसमोर ऐकू शकले. माझ्या मुलीने आधी ऐकला नव्हता. तिला आम्ही विचारायला हवं होतं.

७. त्यांची खुर्ची, त्यांची खोली

त्यांची बसायची ठरलेली जागा असेल तर तिचं काय करायचं हे सभेच्या आधी ठरवा. पहिल्या वेळी आम्ही ह्यांची खुर्ची होती तिथेच ठेवली होती, खोलीच्या मधोमध. कोणी बसेना. साठ माणसं, जागा अपुरी, आणि एक रिकामी खुर्ची, जिला वळसा घालून सगळे जात होते. शेवटी एका अनोळखी गृहस्थांना ती दिसली आणि ते बसले. खोलीत जी शांतता पसरली तिने त्यांनाही कळलं, पण उठावं की नाही ते समजेना. बिचाऱ्यांना फार अवघडल्यासारखं झालं असणार.

एक तर खुर्ची आतल्या खोलीत हलवा, नाहीतर तिच्यावर फोटो ठेवा, नाहीतर तुम्ही स्वतः तिच्यात बसा. दुसऱ्या वेळी मी तीच खुर्ची भिंतीशी घेऊन बसले.

झोपायची खोली बंद ठेवा. कुलूप नसेल तर दाराला लावायला एक चिठ्ठी पुरते. कपाट उघडून बघणारं, प्रेमानेच का होईना, एखादं माणूस निघतंच.

एका टेबलावर त्यांच्या चार-पाच वस्तू मांडा, हाताळता येतील अशा. बोलायला न सुचणाऱ्या माणसांना त्यांचा मोठा आधार होतो. आम्ही चष्मा, पेन, एक स्क्रू-ड्रायव्हर आणि भिंतीवरचं घड्याळ काढून ठेवलं होतं. ह्यांना एक सवय होती. घड्याळात सेल घातला, बल्ब बदलला, गाळणीची जाळी बदलली की मागे कागदाचा कपटा चिकटवून त्यावर तारीख लिहायची. माझ्या भाच्याने घड्याळ उलटं केलं. मागे एकावर एक नऊ कपटे होते, सगळ्यांत जुन्या कपट्याची शाई तांबूस झालेली. एका कपट्यावर तारखेखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, "सेल वाईट निघाला, आठ महिनेच." मग ते घड्याळ खोलीभर फिरलं, प्रत्येकाने वाचलं. मौल्यवान किंवा नाजूक वस्तू मात्र ठेवू नका. हातातून पडली तर पाडणाऱ्याला ती खंत कायमची राहते.

८. कार्यक्रमाचा क्रम

सैल ठेवा, पण ठेवा. क्रमच नसेल तर पहिले दोघं प्रत्येकी वीस मिनिटं बोलतात आणि बाकीचे घरी जातात. आमचा क्रम असा होता:

- पहिली वीस मिनिटं: येणं, बसणं, टेबलावरच्या वस्तू बघणं.
- पाच मिनिटं: मुख्य माणसाने दोन शब्द बोलून सुरुवात करणं, मिनिटभर स्तब्ध बसणं.
- चार मिनिटं: फोटो.
- चाळीस मिनिटं: आठवणी.
- राहिलेला वेळ: खाणंपिणं आणि गप्पा.

पाच-सहा जणांना आधी विचारून ठेवा. माणशी तीन मिनिटं सांगा. लिहून आणणाऱ्यांसाठी हे साधारण तीनशे ते साडेतीनशे शब्द होतात. निवडताना आयुष्याचे वेगवेगळे कोपरे घ्या: भाऊ किंवा बहीण, शाळेचा मित्र, कामातलं कोणी, शेजारी, नव्या पिढीतलं एक. सर्वांत चांगलं बोलणाऱ्याला पहिलं उभं करू नका, त्याच्यानंतर कोणी उठत नाही. पहिलं बोलायला साधं बोलणारं, न घाबरणारं माणूस हवं.

तुम्ही बोलायचं का? बोलावंसं वाटलं तर बोला. आधी कबूल करू नका. दोन ओळी लिहून शेजारच्या माणसाकडे देऊन ठेवा. ऐन वेळी आवाज फुटला नाही तर तो वाचेल.

आता ते ऑफिसातले गृहस्थ. नणंदेकडून कळल्यावर मी त्यांना स्वतः फोन केला आणि दुसऱ्या सभेत तेच पुन्हा सांगाल का, असं विचारलं. ते आले. त्यांना संध्याकाळी कमी दिसतं. नोकरीला लागले तेव्हा ही गोष्ट कोणाला कळू न देता ते रस्ता चाचपडत घरी जात. ह्यांच्या ते लक्षात आलं. मग रोज काहीतरी काम काढून हे दहा मिनिटं थांबायचे, आणि सहज भेटल्यासारखं करून त्यांच्यासोबत स्टॉपपर्यंत चालायचे. सहा वर्षं. त्यांना आधाराला धरलंय असं एकदाही वाटू दिलं नाही. मी ऐकत होते आणि मला आठवत होतं की रोज दहा मिनिटं उशीर का होतो, ह्यावरून मी ह्यांच्यावर कितीदा चिडले होते. "काम होतं," एवढंच हे म्हणायचे.

असं काहीतरी प्रत्येकाच्या जोडीदाराबद्दल कुणाकडे तरी असतं. ते तुमच्यापर्यंत पोचावं म्हणून तर सभा ठेवायची. सगळं बोलणं फोनवर रेकॉर्ड करायला लावा. फोन बोलणाऱ्याच्या जवळ ठेवा, खोलीच्या टोकाला नको. बोलणाऱ्यांना आधी सांगा आणि त्यांची हरकत नाही ना, विचारून घ्या.

९. लांबच्यांना जोडणं

मोफत खात्यावर झूमची बैठक ४० मिनिटांत तुटते. गूगल मीटवर तीन किंवा जास्त जण असतील तर ६० मिनिटांत. नेमकं कोणीतरी बोलत असताना ती तुटू नये म्हणून आधीच दुसरी लिंक पाठवून ठेवा. खोलीत एकाच यंत्राचा माईक आणि स्पीकर चालू असू द्या, दोन झाले की आवाज घुमतो. चार्जर लावलेला असावा. लांबून बघणाऱ्यांपैकी निदान एकाला बोलायला बोलवा. नाहीतर ते दोन तास आपल्या पाठी बघत बसतात.

१०. खाणंपिणं

साधं, हातात धरून खाता येईल असं, आणि दुसऱ्या कोणी आणलेलं. पाणी भरपूर. लोक विचारतात "काय आणू?" तेव्हा नको म्हणू नका, यादीतली एक गोष्ट सांगा. मदत करायला मिळाली की त्यांनाही बरं वाटतं.

११. अवघड प्रसंग आणि तयार उत्तरं

त्या दिवशी उत्तर सुचत नाही. म्हणून चार वाक्यं आधीच पाठ करून ठेवा.

"नेमकं काय झालं होतं?" असं कोणी सविस्तर विचारलं तर: "आज त्याबद्दल बोलवत नाही, नंतर कधीतरी."

"आता तुम्ही एकट्या राहणार की मुलाकडे?" ह्यावर: "अजून काही ठरवलं नाही."

कोणी त्यांची एखादी वस्तू मागितली तर: "लक्षात ठेवते. आज काही देत नाहीये." हे फार गोड शब्दांत मागितलं जातं आणि हो म्हटलं जातं. मी ह्यांचं एक जाकीट असं देऊन बसले. त्याचा वास कपाटात दोन महिने होता. मग तो गेला, आणि जाकीट परत मागवेना.

पैशाचा, घराचा, कागदांचा विषय निघाला, कोणी सही मागितली, तर शेजारच्या माणसाने मध्ये पडून सांगायचं: "आज नको." सभेच्या दिवशी कशावरही सही करायची नाही, कितीही जवळच्या माणसाने सांगितलं तरी.

आणि मध्येच सहन होईनासं झालं तर उठून आत जायचं. कोणाला सांगायची गरज नाही. मुख्य माणसाला हे आधीच माहीत असावं, म्हणजे कोणी मागे धावणार नाही.

लहान मुलं असतील तर त्यांना बाहेर पाठवू नका, पण बसवूनही ठेवू नका. कागद आणि रंग द्या. आजोबांसाठी काढलेलं चित्र टेबलावर ठेवता येतं.

१२. आदल्या दिवशी हे सगळं एका जागी आहे ना, बघून घ्या

- मोठा फोटो, चौकट आणि तो उभा करायचा स्टँड
- वस्तूंचं टेबल
- जाड कोरी वही आणि चार पेनं (एकच पेन ठेवलं तर रांग लागते)
- लोक आणतील ते फोटो आणि पत्रं ठेवायला पाकिटं. प्रत्येकावर लगेच नाव लिहा, म्हणजे परत करता येतील
- कामांच्या नावांचा कागद
- चार्जर, एक्स्टेंशन बोर्ड, चिकटपट्टी
- रुमाल किंवा टिश्यूचे दोन-तीन खोके, वेगवेगळ्या ठिकाणी
- तुमची रोजची औषधं, वेळ लिहून, शेजारच्या माणसाकडे
- तुमच्यासाठी झाकून ठेवलेलं ताट. गडबडीत तुमचंच खाणं राहून जातं

१३. सगळे गेल्यावर

त्या रात्री कोणीतरी मुक्कामाला असावं, आणि तेही आधी ठरलेलं असावं. ऐन वेळी "मी राहू का?" असं विचारलं की आपण "नको, ठीक आहे मी" म्हणतो. आवरायला येणाऱ्यांना सांगा की वस्तूंचं टेबल तसंच राहू द्या, ते तुम्ही तुमच्या वेळेने आवराल. मी चार दिवसांनी आवरलं. घड्याळ परत भिंतीवर लावलं. पुढे सेल बदलायची वेळ आली तेव्हा दहावा कपटा मी चिकटवला.

पुढच्या आठवड्यात बोलणाऱ्यांना एक-एक फोन करा. सगळ्यांना एकाच दिवशी नको. त्यांना सभेत सांगायचं राहून गेलेलं काहीतरी हमखास असतं, आणि फोनवर ते बाहेर येतं.

वही कपाटात टाकू नका. आमच्या वहीत बरीच पानं कोरी राहिली होती, म्हणून ती मी दाराजवळच्या फळीवर ठेवली आहे. येणारं-जाणारं कोणी बसतं, चाळतं, कधी दोन ओळी लिहितं. गेल्या महिन्यात खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या आणि उभ्या उभ्याच लिहून गेल्या की जिन्यातला बल्ब कोण बदलायचं, ते त्यांना आत्ता कळलं.